लाकडी आरसी बोट वॉटरप्रूफ करायची ती आतून

माझी पहिली लाकडी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, बोट बुडाली नाही. ती जड झाली. सत्तर सेंटिमीटर लांबीचा मच्छीमारी ट्रॉलर, बाहेरून इनॅमलचे तीन हात, चकाकी अशी की त्यात भांग पाडावा. मामाच्या शेततळ्यात तिसऱ्या रविवारी सोडली तेव्हा ती पाण्यात जरा खालीच बसलेली वाटली. बॅटरी तीच, मोटर तीच. घरी येऊन काट्यावर ठेवली, तर बांधून झाल्यावर लिहून ठेवलेल्या वजनापेक्षा २६० ग्रॅम जास्त! आत हात घातला तर पाणी नाही, पण पट्ट्या माठासारख्या गार. सुकाणूच्या नळीतून दर वेळी चार-दोन चमचे पाणी आत येत होतं, आणि आतलं उघडं लाकूड ते गुपचूप पिऊन टाकत होतं. बाहेरच्या रंगामुळे ते वाळायलाही वाट नव्हती. महिन्याभरात रंगाखाली प्रत्येक पट्टीची कड फुगून वर आली आणि बोटीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी आतली बाजू, मग बाहेरची, मग भोकं. आणि प्रत्येक टप्प्यावर वजनकाटा, कारण लाकूड पाणी पितं ते डोळ्यांना दिसत नाही.

खाली जे लिहितोय ते ६० सेंटिमीटर ते १ मीटर लांबीच्या, संथ चालणाऱ्या बोटींसाठी: ट्रॉलर, टग, गस्ती नौका. शर्यतीच्या बोटींची गणितं वेगळी असतात.

पाणी नेमकं शिरतं कुठून

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. मोळीच्या कुशीतून पाणी हळूहळू झिरपतं, पण नळ्यांच्या उघड्या तोंडातून ते सरळ ओढलं जातं. म्हणून पट्टीच्या सपाट पृष्ठभागापेक्षा तिचं कापलेलं टोक कितीतरी धोक्याचं. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, पट्ट्या जिथे कापून संपतात ती जागा, मागची उभी फळी, प्लायच्या चारही कडा आणि शाफ्टसाठी (मोटरपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्यासाठी) पाडलेलं भोक, ही सगळी उघडी तोंडं आहेत. शिवाय ओलं लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना रेटतात आणि रंग फाटतो.

इथे कोणी विचारेल, मग कोकणातल्या मोठ्या लाकडी होड्या कशा टिकायच्या? त्यांच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरत, वर राळ आणि तेल, लाकडाला माशाच्या यकृताचं तेल चोपडत. होडी पाण्यात घातली की फळ्या फुगून फटी आवळल्या जात. फुगणं हा तिथे योजनेचाच भाग होता, आणि होडी महिनोन् महिने पाण्यातच असे. आपली बोट रविवारी तासभर पाण्यात आणि उरलेला आठवडा पंख्याखाली फडताळावर. ही ओली-सुकी, ओली-सुकी उलथापालथ ३ मिलिमीटरच्या पट्टीला सोसत नाही. म्हणून मॉडेलमध्ये लाकडाला पाणी भेटूच द्यायचं नाही, ना बाहेरून ना आतून.

सामानाबद्दल थोडं

सांगाड्याच्या फ्रेमसाठी प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफच आहे' म्हणणारच. बीडब्ल्यूपी (उकळतं पाणी सोसणारा) दर्जा आणि आयएस ७१० असा छाप पाहा. नुसत्या एमआर प्लायचा अर्थ दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. खात्री नसेल तर बोटभर तुकडा मागून घ्या आणि घरी जुन्या पातेल्यात तासभर उकळा. पापुद्रे सुटले तर तो प्लाय चित्राच्या चौकटीला वापरा.

पट्ट्यांसाठी बाल्सा हलका आणि कापायला लोण्यासारखा, पण पाण्याला तितकाच हावरा. सावंतवाडीच्या खेळण्यांत वापरलं जाणारं पांगाऱ्याचं लाकूड मिळालं तर तेही हलकं असतं, आणि तेही हावरंच. हलकं लाकूड म्हणजे आत पोकळी जास्त, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. जोडण्यासाठी नेहमीचा पांढरा गोंद नको, मरीन दर्जाचा किंवा इपॉक्सी घ्या.

आता मुख्य गोष्ट, रेझिन: हार्डनर कालवून लाकडावर मारायचं आणि सुकून कडक होणारं द्रव्य. दुकानात दोन प्रकार दिसतील. पॉलिएस्टर स्वस्त, उग्र वासाचं, पण लाकडाला त्याची पकड कमी. इपॉक्सी महाग, पण लाकडात मुरतं आणि सोडत नाही. बोट छोटी आहे, रेझिन लागतं शंभर-दीडशे ग्रॅम. इथे कंजुषी करू नका. (पॉलिएस्टर वापरणारच असाल तर एक सावधगिरी: कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडू शकतो.) इपॉक्सीतही पाच मिनिटांत घट्ट होणारं जाड अराल्डाइट हे चिकटवण्याचं काम करतं. संपूर्ण हलवर, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगावर, हात मारायला लॅमिनेशनचं पातळ रेझिन हवं. एलवाय ५५६ (रेझिन) आणि एचवाय ९५१ (हार्डनर) ही जोडी आपल्याकडे फायबरच्या कामात सर्रास वापरतात. तिचं प्रमाण वजनाने १०० ला १०.

या प्रमाणावर थोडं थांबू, कारण निम्म्या बोटी इथेच बिघडतात. २० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम हार्डनर लागतं. अंदाजाने ओतताना अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झालं की चूक पंचवीस टक्क्यांची. 'जरा जास्त हार्डनर टाकू, लवकर सुकेल' हा पॉलिएस्टरवाल्यांचा हिशेब इपॉक्सीला लागू नाही. जास्तीचं हार्डनर तसंच पडून राहतं आणि बोट आयुष्यभर चिकट राहते. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. दोन मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत. एका वेळी २०-३० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. कपात साठलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं. मी एकदा मे महिन्यात शंभर ग्रॅम कालवून फोनवर बोलत राहिलो, तर कपातून धूर यायला लागला. हातात नायट्राइलचे हातमोजे हवेतच. हार्डनरने कातडीला खाज सुटते, आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती पाठ सोडत नाही.

फायबरचं कापड ५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, विणलेलं. ते विमानांच्या मॉडेलचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. पाण्याच्या टाक्या आणि पत्रे करणाऱ्यांकडची जाड, तंतू विस्कटलेली चटई घेऊ नका. ती वजनदार असतेच, शिवाय तिच्यातले तंतू बांधून ठेवणारं द्रव्य पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळावं असं केलेलं असतं. इपॉक्सीत ती नीट बसत नाही, काट्यासारखी उभी राहते.

आधी वाळवण

श्रावणात हे काम काढू नका. ओल्या लाकडावर रेझिन मारणं म्हणजे पाणी आत कोंडणं. उघडा हल पंख्याखाली ठेवा आणि रोज एकाच वेळी वजन करा. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की लाकूड तयार. तो आकडा पेन्सिलने आत लिहून ठेवा. मला बरा काळ वाटतो तो दिवाळीनंतरचा: हवा कोरडी आणि रेझिन कामापुरतं वाहतं राहील एवढी ऊब.

आतली बाजू

डेक बसवण्याआधीच. डेक लागल्यावर नाळेच्या टोकात ब्रश जात नाही, आणि पाणी नेमकं तिथेच जाऊन बसतं.

प्रथम पाहा, प्रत्येक फ्रेमच्या तळाशी पाणी वाहून जायला छोटी खाच आहे का. नसेल तर गोल कानसीने पाडा. ही खाच नसली तर आत आलेलं पाणी कप्प्याकप्प्यांत साठून राहतं, स्पंजाने टिपताही येत नाही. मग धूळ झटका. ब्रशने झटकून व्हॅक्यूम फिरवला तर उत्तम.

आता फ्रेम आणि पट्ट्या जिथे भेटतात त्या काटकोनी कोपऱ्यांना गोलाई द्या. इपॉक्सीत बारीक चाळलेला भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवा, प्लास्टिकच्या पिशवीचं टोक कापून मेंदीच्या कोनासारखं कोपऱ्यात पिळा आणि आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकाने ओढत न्या. यामुळे सांधा मजबूत होतो हे खरंच, पण मुख्य म्हणजे ब्रश काटकोनात जे केसाएवढं छिद्र सोडून जातो ते उरत नाही.

मग पहिला हात. वेळ निवडा दिवेलागणीची. सकाळी मारलं आणि दिवस तापत गेला तर लाकडाच्या नळ्यांतली हवा फुगते, ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर येते आणि प्रत्येक बुडबुड्यामागे टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवून जाते. संध्याकाळी उलटं होतं. लाकूड गार होत जातं, आतली हवा आक्रसते आणि रेझिनला आत ओढून घेते. हेअर ड्रायरने लाकूड कोमट करून लगेच ड्रायर बंद करायचा आणि रेझिन मारायचं. कोमट लाकडावर ते पातळ होऊन छान मुरतं. पातळ करायला त्यात थिनर ओतण्याची सवय अनेकांना असते. मी ती सोडली. थिनर उडून जाताना मागे सच्छिद्र थर राहतो, आणि आपण तर छिद्रं बुजवायला निघालोय.

कापलेली टोकं आणि प्लायच्या कडा सर्वांत आधी रंगवा. दहा मिनिटांनी पाहिलंत तर त्या पुन्हा कोरड्या दिसतील, सगळं पिऊन बसलेल्या. पुन्हा द्या. त्यांची तहान भागेपर्यंत देत राहा, साधारण तीन वेळा. बाकी सगळ्या पृष्ठभागाला एक पातळ हात पुरे. चार-पाच तासांनी, बोट लावलं तर चिकटतंय पण बोटाला रेझिन लागत नाही अशा अवस्थेत दुसरा हात. या वेळी मारलेला थर पहिल्याशी रासायनिकरीत्या एकजीव होतो, घासायची गरज पडत नाही. झोप लागली आणि सकाळ झाली तर मात्र धुऊन, घासूनच पुढे जा.

धुण्याबद्दल: दमट हवेत इपॉक्सी सुकताना वर मेणचट, तेलकट पापुद्रा येतो. मुंबई-कोकणात तर हमखास. तो थिनरने पुसू नका, नुसता पसरतो. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, एवढ्याने निघतो. तो न काढता वर रंग दिला तर रंग सालीसारखा सुटतो, आणि दोष आपण रंगाला देतो.

बाहेरची बाजू

आधी आकार. १२० नंबरचा पेपर लांब पट्टीला चिकटवून नाळेपासून मागपर्यंत तिरपे हात मारा. नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ बाल्सा खड्ड्यात जातो आणि गोंदाच्या रेषा उंच राहतात. डोळे मिटून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. खड्डे भरायला इपॉक्सीत टाल्कम पावडर कालवून लांबी (पुटी) करा. मोटारींच्या गॅरेजमधली पॉलिएस्टर लांबी घासायला सोपी असते, पण ती स्वतःच पाणी शोषते. पाण्याच्या रेषेखाली उघड्या लाकडावर ती लावू नका.

मग कापड. हल पालथा ठेवा, कापड कोरडंच वर पसरा. कणा मध्ये धरून दोन्ही बाजूंना हाताने हळू सारखं करा. नाळेपाशी आणि मागच्या कोपऱ्यांवर चुण्या येतील तिथे कात्रीने चीर द्या आणि कडा एकमेकींवर सेंटिमीटरभर चढवा. हे सगळं रेझिन कालवण्याआधी. त्यानंतर घड्याळ चालू होतं, २०-२५ मिनिटांत कपातलं घट्ट व्हायला लागतं.

कण्यावर मधोमध थोडं रेझिन ओता आणि जुन्या एटीएम कार्डाने बाहेरच्या दिशेने ओढत न्या. ब्रश कापड उचलतो, कार्ड ते दाबून बसवतं. नीट भिजलेलं कापड जवळजवळ अदृश्य होतं आणि विणीची नक्षी किंचित खरखरीत दिसते. पांढुरका डाग राहिला तर तिथे रेझिन कमी. चकचकीत डबकं दिसलं तर जास्त, आणि तिथे कापड लाकडापासून वर तरंगतंय. कार्डाने ओढून काढा. सगळं चकचकीत व्हावं असा मोह होतो, पण चकाकी पुढच्या थरांची.

तीन-चार तासांनी रेझिन रबरासारखं होतं. तेव्हा कडेचं जास्तीचं कापड नव्या ब्लेडने सुरेख कापलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच काम करवतीचं होतं. लगेच त्याच चिकट अवस्थेत विणीतले खळगे भरायला एक हात, काही तासांनी आणखी एक.

वजनाची धास्ती वाटत असेल तर हिशेब सांगतो. माझ्या सत्तर सेंटिमीटरच्या हलची बाहेरची अख्खी बाजू चौरस मीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. म्हणजे कापड १० ग्रॅम, ते भिजवायला १५, वरचे दोन थर मिळून ३५ आणि आतून ४० ग्रॅम. सगळं मिळून शंभर, त्यातलं थोडं घासण्यात जातं. पहिल्या बोटीने त्याच्या अडीचपटीहून जास्त पाणी फुकट वाहिलं होतं.

दोन-तीन दिवसांनी धुऊन घ्या आणि वॉटर पेपरने ओलंच घासा, आधी २४०, मग ४००. ओल्याने धूळ उडत नाही. काचेची ती धूळ छातीत नको आणि अंगालाही नको, रात्रभर खाजवत बसाल. घासताना विणीची जाळी दिसायला लागली की थांबा. जाळी कापली गेली तर तिथे पुन्हा एक हात.

वर प्राइमर आणि रंग. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पिवळं पडतं, मग खडूसारखं भुरभुरतं. लाकूड दिसत ठेवायचं असेल तर उन्हाला टिकणारं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश वापरा. फ्रेंच पॉलिश आणि सँडिंग सीलर फर्निचरवर शोभतात, बोटीच्या तळावर नाही.

भोकं

आपण एवढी मेहनत घेऊन घागर घडवली, आता तिला भोकं पाडायची आहेत. शाफ्टच्या नळीसाठी ८ मिलिमीटरचं भोक हवं असेल तर आधी १२ चं पाडा, मागे टेप लावून घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने ते पूर्ण बुजवा आणि सुकल्यावर त्यात मधोमध ८ चं पाडा. आता भोकाची भिंत लाकडाची नाही, इपॉक्सीची आहे. छोट्या स्क्रूंनाही हाच नियम. सुकाणूच्या बिजागराचा एक स्क्रू सरळ लाकडात पिळला की तिथून आत एक नळी उघडलीच. पितळी नळी बसवण्याआधी तिला पेपरने ओरखडे पाडा आणि अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर गुळगुळीत पितळेवरून इपॉक्सी सुटतं.

शाफ्टच्या नळीचं आतलं टोक शक्य असेल तर भरलेल्या बोटीच्या पाण्याच्या रेषेच्या वर न्या. तेवढी उंची मिळत नसेल तर नळी घट्ट ग्रीसने भरलेली ठेवा, आणि ते ग्रीस दर चार-पाच फेऱ्यांनी बदला. सुकाणूच्या नळीबाबत मात्र तडजोड नाही. तिचं वरचं टोक रेषेच्या किमान २ सेंटिमीटर वर हवं. थ्रॉटल दिला की बोटीचा मागचा भाग खाली बसतो. उभ्या बोटीत जे कोरडं दिसतं ते धावताना पाण्याखाली जातं. माझे ते चार-दोन चमचे इथूनच यायचे.

सिलिकॉन सीलंट हातात आलं की सगळीकडे फासावंसं वाटतं. रंग आणि इपॉक्सीचं सगळं काम संपेपर्यंत ती ट्यूब दुसऱ्या खोलीत ठेवा. एकदा सिलिकॉन लागलं त्या जागी पुढे काहीच चिकटत नाही.

डेकला खालून दोन हात देऊनच तो बसवा. झाकणाच्या तोंडाभोवती १ सेंटिमीटर उंचीची काठ हवी, डब्याच्या तोंडासारखी, म्हणजे डेकवर आलेलं पाणी आत न जाता बाजूने वाहून जातं. आणि पुढे-मागे रिकाम्या जागांत थर्माकोल भरा. एक लिटर थर्माकोल साधारण एक किलो तोलून धरतो. मोटर, बॅटरी आणि तळाशी वजनासाठी घातलेलं शिसं मिळून दोन किलो असेल तर दोन लिटरची जागा काढा. थर्माकोलजवळ स्प्रे पेंट किंवा पॉलिएस्टर नको, तो विरघळतो.

बादलीतली परीक्षा

तलावावर जाण्याआधी मोठं घमेलं किंवा बाथटब. मोकळा हल कोरडा वजन करून घ्या. मग सांध्यांजवळ, नळ्यांभोवती टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवा, त्यांवर शाईच्या पेनाने ठिपके देऊन. पाण्याच्या बाटल्या आत ठेवून बोट तिच्या रेषेपर्यंत बुडवा आणि दोन तास सोडून द्या. कागद नंतर वाळला तरी फुटलेला ठिपका चहाडी करतोच. शेवटी हल बाहेरून कोरडा पुसून पुन्हा काट्यावर. एक-दोन ग्रॅमचा फरक पुसण्यातला असतो. पाच-सहा ग्रॅम वाढले आणि ठिपके शाबूत असतील, तर पाणी गळून नाही, लाकडात शिरून आलंय. रंगावर कुठे टाचणीएवढं भोक आहे ते भिंगाने शोधा.

गळती सापडली की लगेच लेप थापू नका. आधी हल पंख्याखाली मूळ वजनावर येऊ द्या, मग ती जागा लाकडापर्यंत घासून पुन्हा इपॉक्सी. माझ्या त्या पहिल्या ट्रॉलरला २६० ग्रॅम टाकायला पंचवीस दिवस लागले होते, तेही बाहेरचा सगळा रंग खरवडल्यावर.

प्रत्येक फेरीनंतर झाकण काढून ठेवा. बंद पोटात वाफ धरते. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात चालवली असेल तर गोड्या पाण्याने धुवा, शाफ्टसकट. झाकणाच्या आतल्या बाजूला मी तारीख आणि वजन लिहीत जातो. सध्याच्या टगच्या झाकणाखाली तीन हंगामांचे आकडे आहेत, सगळ्यांत जास्त फरक ४ ग्रॅमचा, आणि त्यातलंही निम्मं शाफ्टमधलं ग्रीस असावं.